कारखान्याआधी वसतिगृह होतं: पश्चिम महाराष्ट्रात पैसा नेमका कशातून उभा राहिला?

नीराकाठ (धागाकर्ता)

आर्थिक विकासाचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी धरणं, रस्ते, एमआयडीसी आणि अनुदान यांच्यापुढे सहसा जात नाही. माणसं शिकलेली आहेत का, आणि नात्यागोत्याबाहेरच्या माणसावर विसंबून ती एखादं काम वर्षानुवर्षं चालवू शकतात का, हे दोन प्रश्न भाषणात येतात, हिशेबात येत नाहीत. अर्थशास्त्रात पहिल्याला मानवी भांडवल म्हणतात, दुसऱ्याला सामाजिक भांडवल. शेतकऱ्याच्या शिक्षणावरचा खर्च हीसुद्धा गुंतवणूकच आहे असं आग्रहाने मांडणाऱ्या थिओडोर शुल्ट्झ यांना १९७९ साली नोबेल मिळालं. पण मला हा विषय आपल्या ऊसपट्ट्यात उतरवून बघायचा आहे.

नगर जिल्ह्यात भंडारदरा धरण पूर्ण झालं १९२६ च्या सुमारास. प्रवरेचे कालवे वाहू लागले. पाणी आलं म्हणजे शेतकरी सुधारला असं व्हायला हवं होतं. झालं उलट. खासगी कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि मूळ मालकांपैकी कितीतरी जण स्वतःच्याच रानात मजुरीला गेले. गुळाचा भाव पडला की सावकार दारात. लोणीला सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला तो १९५० मध्ये. पाणी आणि कारखाना यांच्यामध्ये जवळजवळ पाव शतक गेलं. त्या काळात काय घडत होतं, तिकडे लक्ष वेधण्यासाठी हा धागा.

घडत होत्या त्या शाळा, वसतिगृहं आणि पतपेढ्या, आणि त्यांची सुरुवात पाण्याच्याही आधी झाली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं काढायला सुरुवात केली आणि १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं, जिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत. भाऊराव त्याआधी ओगल्यांची काच आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरलेले होते. खेड्यातला माणूस काय देऊ शकतो आणि काय नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. रोख पैसा नाही, पण धान्य आहे. म्हणून मुष्टिफंड. जात्यावर बसण्याआधी बाईने दळणातली एक मूठ बाजूला काढायची, ती गाडग्यात साठवायची आणि वसतिगृहाचा माणूस आला की ओतून द्यायची. ते कमी पडलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं.

या मुठीचा अर्थ मला असा दिसतो. त्या बाईचं स्वतःचं पोर त्या वसतिगृहात असेलच असं नाही. तरी ती दुसऱ्या कुणाच्या पोरासाठी धान्य काढते, आणि ते मधल्यामध्ये कुणी खाणार नाही असं धरून चालते. तिसेक वर्षांनी तिचाच मुलगा कारखान्याचा शेअर घेतो, तेव्हाही तो हेच करत असतो. अजून न बांधलेल्या कारखान्यासाठी, दुसऱ्या गावच्या माणसाच्या हातात पैसे देत असतो.

माझं म्हणणं थोडक्यात: ऊसपट्टा श्रीमंत झाला तो पाणी, शिक्षण आणि परस्परविश्वास या तिन्हींच्या जोडीने, आणि यातली शेवटची दोन आधी पेरली गेली होती. जिथे त्या विश्वासाला कुंपण घातलं गेलं, तिथे पैसाही कुंपणाच्या आतच राहिला. दुसऱ्या भागाबद्दल इतरांनी लिहावं, विशेषतः मराठवाडा-विदर्भातल्या मंडळींनी.

---

रावसाहेब_६२

धागा चांगला आहे, पण लोणीची गोष्ट जरा सोपी करून सांगितलीत असं वाटतं. मी जिल्हा बँकेत नोकरी केली, त्यामुळे पैशाची बाजू मांडतो.

लोणीचा कारखाना उभा करणाऱ्या विठ्ठलराव विखे पाटलांचं शिक्षण बेताचं होतं. त्यांच्या जोडीला होते धनंजयराव गाडगीळ. पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, लोणीच्या या प्रवरा कारखान्याचे पहिले अध्यक्ष आणि पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. शिवाय मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी उभे राहिले. सरकारने भागभांडवल दिलं, कर्जाची सोय झाली, पुढच्या कारखान्यांना थकहमी मिळाली. नुसत्या भरवशावर यंत्रसामग्री येत नाही.

दुसरी गोष्ट. सहकाराची मेख भावनेत नव्हती, कपातीत होती. शेतकरी गावातल्या सहकारी सोसायटीकडून पीककर्ज घेतो, ऊस कारखान्याला घालतो, आणि कारखाना उसाच्या बिलातून सोसायटीची बाकी कापून उरलेलं खात्यावर टाकतो. कर्ज आणि पिकाची विक्री एकमेकांना बांधली की वसुलीसाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही. १९५४ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या अहवालाने हीच सांगड घालायला सांगितलं होतं, आणि गाडगीळ त्या समितीवर होते. त्या पाहणीत देशातल्या ग्रामीण कर्जात सहकाराचा वाटा फक्त ३ टक्क्यांच्या आसपास निघाला होता. सहकार फसला आहे, पण सहकार यशस्वी झालाच पाहिजे, असं वाक्य त्या अहवालात आहे. आम्ही ते प्रशिक्षणात पाठ केलं होतं.

---

नीराकाठ

रावसाहेब, कपातीचा मुद्दा मोलाचा आहे, धाग्याला तो हवाच होता. पण मला तो माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध वाटत नाही. कपात चालते कधी? काट्यावरचं वजन खरं असेल, चिटबॉयने (उसाची नोंद ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाने) नोंद बरोबर केली असेल आणि बिलाचा कागद सभासदाला वाचता येत असेल तेव्हा. चिटबॉय, शेती मदतनीस, टाइमकीपर, सोसायटीचा सचिव ही हजारो माणसं कुठून आली? साखर कारखाना पुण्यातून शंभर बाबू आणून चालत नाही. गावातलाच मॅट्रिक झालेला मुलगा लागतो, ज्याला प्रत्येक गटाची बांधबंदिस्ती ठाऊक आहे आणि बेरीजही येते.

आणि विखे-गाडगीळ ही जोडी हेच माझ्या मते सगळ्यात मोठं उदाहरण आहे. एक खेड्यातला मराठा शेतकरी, दुसरा पुण्यातला ब्राह्मण अर्थशास्त्रज्ञ. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये झालेल्या जाळपोळीमुळे त्या दोन समाजांत किती कडवटपणा होता ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच सुमारास हे दोघे गावोगाव शेअर गोळा करत होते. भावकीतला भरवसा प्रत्येक गावात असतो. भावकीबाहेरचा असा भरवसा क्वचित तयार होतो, आणि झाला की त्यातून मोठी कामं उभी राहतात.

---

कपाशी_यवतमाळ

विदर्भाचं बोलावलंत म्हणून लिहितो.

शिक्षण आलं की पैसा येतो, हे आमच्याकडे बघून कुणी म्हणू नये. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, १९३२ च्या सुमारास शिवाजी शिक्षण संस्था काढली. ते पुढे दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री होते. वऱ्हाडात शाळा-कॉलेजांची परंपरा कुठल्याही ऊसपट्ट्यापेक्षा कमी नाही. माझे आजोबा इंग्रजी वर्तमानपत्र वाचायचे आणि कापूस मात्र अडत्याच्या भावानेच विकायचे.

फरक पिकात आहे. ऊस तोडला की लवकरात लवकर गाळावा लागतो, नाहीतर साखरेचा उतारा घसरतो. म्हणून कारखाना शेताजवळच लागतो आणि शेतकरी-कारखाना दोघेही एकमेकांना धरून राहतात. कापसाची गाठ बांधली की ती मुंबईला जाते, परदेशात जाते, वर्षभर गोदामात पडून राहते. शेतकऱ्याला कुणाशी बांधून घ्यायची गरजच पडत नाही आणि प्रक्रियेचा नफा गावात राहत नाही. १९७२ ला कापूस एकाधिकार योजना आली, म्हणजे राज्यातला कापूस सरकारी यंत्रणेनेच विकत घ्यायचा. कागदावर चांगली होती. पण ग्रेडरच्या टेबलावर बोंड बघून प्रत ठरायची, तिथे शेतकऱ्याचा विश्वास गेला तो गेलाच. बाहेर भाव जास्त असला की माल चोरून सीमेपलीकडे, कमी असला की सगळा योजनेत. सहकारी सूतगिरण्यांचं काय झालं ते रस्त्याने जाताना दिसतंच.

---

सुनंदा_माण

पुरुषांच्या संस्थांची चर्चा बरीच झाली, आता माण तालुक्याचं सांगते. आमच्याकडे ना कालवा, ना ऊस. पाऊस आला तर आला.

म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ मध्ये सुरू झाली. चेतना सिन्हा यांनी बायकांना घेऊन रिझर्व्ह बँकेकडे पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा तो फेटाळला गेला, कारण प्रवर्तक बायकांना लिहितावाचता येत नव्हतं. बायकांनी रात्रीचे वर्ग लावले, अक्षरं शिकल्या आणि परत गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, अक्षर येत नाही म्हणून परवाना नाकारलात, पण हिशेब येतो आम्हाला. कितीही मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय काढायला सांगा. परवाना मिळाला.

या प्रसंगात धाग्याचा सगळा विषय आहे, असं मला वाटतं. बाजाराच्या दिवशी टोपलीभर माल विकणाऱ्या बाईकडे आकडेमोड होतीच, सरकारी चौकटीत ती 'शिक्षण' म्हणून मोजली जात नव्हती. आणि एकट्या बाईला रिझर्व्ह बँकेच्या दारात कुणी उभं केलं नसतं, त्या सगळ्या मिळून गेल्या म्हणून आत गेल्या.

आमचा बचत गट लहान आहे. पत्र्याची पेटी एकीच्या घरी, किल्ल्या दुसरीकडे. बैठकीत सगळ्यांसमोर पेटी उघडायची, पैसे मोजायचे, वहीत लिहायचं, आणि जिने कर्ज मागितलं तिने कशासाठी ते सगळ्यांना सांगायचं. सासूच्या औषधाला मागितले आणि टीव्ही आणला तर पुढच्या बैठकीत जाब असतो. सुरुवातीला मला हे फार जाचक वाटायचं. पण गट टिकला तो याच्यामुळे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री पाळायची. यातली वही सुटली की गट मोडलाच म्हणून समजा, मग बायका कितीही जिवाभावाच्या असोत.

---

रावसाहेब_६२

सुनंदाताई, वहीचं अगदी खरं. आमच्या भागातली एक पतसंस्था बुडाली ती ओळखीपाळखीनेच बुडाली. चेअरमन गावातला प्रतिष्ठित माणूस, म्हणून लेखापरीक्षणाचा अहवाल कुणी मागितला नाही. निवृत्तीचे पैसे ठेवणारे लोक अजून खेटे घालतात. सगळ्यांनी एक लक्षात ठेवावं: सहकारी बँकेतल्या ठेवीला २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. पाटी सारखी दिसते, कायदा सारखा नाही.

---

नागसेनवन

धागाकर्त्यांनी कुंपणाचा उल्लेख केला आणि पुढे सगळे कुंपणाच्या आतच बोलत आहेत, म्हणून लिहितोय.

साखर कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद व्हायला काय लागतं? ऊस. उसाला काय लागतं? जमीन आणि पाणी. म्हणजे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या जमीनच मिळाली नाही, तो भरवशाचा असो, शिकलेला असो, या सहकाराच्या दारातच अडतो. रयतच्या पंगतीत आमची मुलं जेवली, हे आम्ही विसरत नाही. पण पंगतीतून उठल्यावर एक मुलगा सभासद झाला, दुसरा त्याच कारखान्यात हंगामी कामगार झाला. दोघांचं शिक्षण तेच होतं.

बाबासाहेबांना हे फार आधी दिसलं होतं. त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढलं. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं राहिलं. निजामाच्या राज्यातून मराठवाडा बाहेर पडून जेमतेम दोन वर्षं झाली होती, उच्च शिक्षणाची सोय नावापुरती. माझे वडील मिलिंदमध्ये शिकले. खिशात काही नव्हतं, गावाहून येताना भाकरी बांधून आणायची आणि ती पुरवायची. ते आणि त्यांचे वर्गमित्र बँकेत, टपाल खात्यात, शाळांमध्ये गेले. ती पिढी शहरात गेली आणि तिथून गावाकडच्या भाच्या-पुतण्यांना एकेक करून शिकायला घेऊन गेली. आमच्या घरात कधी तीन, कधी पाच मुलं शिकायला असायची, आई सगळ्यांचं करायची. हे सामाजिक भांडवल कुठल्या अहवालात येतं? त्याच्या जोरावर हजारो घरं वर आली. पण ती नोकरीतून वर आली, गावच्या उत्पादनात त्यांना वाटा मिळाला नाही. दोन्ही गोष्टी एकत्र बघायला हव्यात.

---

मांडवी_गोंय

गोव्यातून एक भर. आमच्या गावकरी संस्था, ज्यांना पोर्तुगीज काळापासून कोमुनिदाद म्हणतात, त्या तुमच्या सहकारापेक्षा किती जुन्या. खाजन जमिनी समुद्रसपाटीच्या खाली, खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या. भरतीला मानशीची, म्हणजे बांधातल्या झडपेची, दारं मिटतात, ओहोटीला उघडतात. एकाने बांधाकडे दुर्लक्ष केलं तर सगळ्यांच्या शेतात खारं पाणी, त्यामुळे देखभाल सामाईक. उत्पन्नातून गावकारांना झोण, म्हणजे वार्षिक वाटा, मिळायचं.

पण नागसेनवन म्हणतात ते इथेही लागू आहे. गावकार कोण, तर मूळ घराण्यांचे पुरुष वारस. मुली नाहीत, शेतात राबणारे नाहीत. मुक्तीनंतर कूळ कायदा आला, जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाला, आणि ते न्याय्यच होतं. पण बांध कुणी सांभाळायचा ही व्यवस्था तितक्या काळजीने नव्याने बसवली गेली नाही. कित्येक ठिकाणी खाजनं पडीक गेली, खारफुटी उगवली.

---

द्राक्षवेल

नाशिकचं उदाहरण राहिलंच. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. तोवर आम्ही काय फवारतो ते शेजाऱ्यालाही सांगत नव्हतो. त्या फटक्यानंतर सह्याद्रीसारखी शेतकऱ्यांची कंपनी मोठी झाली. तिथे प्रत्येक प्लॉटची फवारणीची नोंद ठेवावी लागते आणि अंशाची तपासणी पास झाल्याशिवाय माल पॅकहाउसला जात नाही. एकाच्या चुकीने सगळ्यांचा माल परत येऊ शकतो, हे कळल्यावर लपवाछपवी संपली. बागायतदार संघाची चर्चासत्रं १९६० च्या सुमारापासून चालू आहेत, छाटणीपासून सगळं तिथेच शिकलो. कॉलेजात नाही.

---

बालाघाट

मी बीड जिल्ह्यातली. आई-वडील ऊसतोडीला जायचे, मी आता शिक्षिका आहे.

इथे सगळ्यांनी कारखाना शेतकऱ्याच्या बाजूने बघितला. तोडणाऱ्याच्या बाजूने बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी जमवणारा मुकादम पावसाळ्यात उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, दिवाळीच्या आसपास टोळी निघते, उन्हाळ्याच्या तोंडाला परत येते. बाई आजारी पडली आणि कामावर गेली नाही तर खाडा, तिचे पैसे कापले जातात. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, मग तीच पुढच्या वर्षाला ओढली जाते.

आणि ही सगळी व्यवस्था कशावर चालते? ओळखीवर. मुकादम गावचाच, बहुतेक वेळा नात्यातला. त्याने शब्द दिला म्हणून कारखाना त्याला पैसे देतो, आम्ही शब्द दिला म्हणून तो आम्हाला देतो. विश्वासाची जी साखळी सुनंदाताईंना बँकेच्या दारापर्यंत घेऊन गेली, तीच आम्हाला फडावर नेऊन बांधते. फरक एवढाच की त्यांच्याकडे वही गटाची आहे, आमच्याकडे वही मुकादमाची.

माझ्या वर्गात दिवाळीनंतर पट भरलेला दिसतो, बाकं रिकामी असतात. तोडणी मजुरांच्या मुलांसाठी कारखान्याजवळ साखरशाळा निघाल्या, काही चांगल्या चालल्या, पण टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर गेली की मूल पुन्हा बाहेर. गावातच हंगामी वसतिगृह असलं की आजी-आजोबांजवळ मुलं राहतात आणि वर्ष बुडत नाही. मी शिकले ती मावशीने ठेवून घेतलं म्हणून. ज्यांना मावशी नाही त्यांचं काय, हा माझा प्रश्न आहे. ऊसपट्ट्यातल्या मुलांना ज्या वर्षांत शाळा मिळाली, त्याच वर्षांत त्यांच्या बापाचा ऊस तोडायला आमची मुलं शाळेतून उठली. हा खर्च साखरेच्या हिशेबात कुठेच धरलेला नाही.

---

नीराकाठ

बालाघाट ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. नागसेनवन आणि तुम्ही जे मांडलंत त्याने धाग्याला खरा विषय मिळाला.

मला एक ठोस गोष्ट सुचवायची आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च आजही उसाच्या बिलातूनच वजा होतो, म्हणजे पैसा कारखान्याच्याच हातातून जातो. मग रावसाहेबांनी सांगितलेली कपातीची पद्धत तोडणी मजुरासाठी का वापरू नये? मजुरांची स्वतःची नोंदणीकृत संस्था, उचल संस्थेकडून थेट कोयत्याच्या खात्यावर, बाईचा हिस्सा बाईच्या खात्यावर, टनाचा हिशेब पावतीसकट. मुकादम हवा तर संस्थेचा पगारी माणूस म्हणून. कारखाने शिक्षणसंस्थांसाठी टनामागे कपात करत आले, त्यातून १९८३ नंतर इंजिनिअरिंग कॉलेजं उभी राहिली. तशीच कपात बीडच्या गावांतल्या हंगामी वसतिगृहांसाठी करता येईल. ऊस त्यांच्याही हातातून जातो.

---

रावसाहेब_६२

कायद्याने अशक्य काही नाही. अडचण तारणाची आहे. सोसायटी शेतकऱ्याला कर्ज देते ती जमीन आणि उभं पीक बघून. मजुराकडे तारण म्हणजे फक्त त्याचं काम. पहिल्या हंगामात टोळी आलीच नाही तर संस्था बसते. सुरुवातीची काही वर्षं सरकारने किंवा कारखान्याने ती जोखीम उचलली तरच जमेल. प्रवरेच्या वेळी उचलली होतीच की.

---

बालाघाट

टोळी येत नाही याचं कारण बहुतेकदा दोन मुकादमांची उचल घेतलेली असते, आणि ती घेतलेली असते दवाखान्यासाठी किंवा लग्नासाठी. आधी छोट्या कर्जाची सोय करा, मग टोळ्या कशा येतात बघा. आमच्या गावात बायकांचे गट आहेत, पण हंगामात सहा महिने बैठकच होत नाही, कारण सगळ्या फडावर. बैठक फडावर घ्यायची परवानगी आणि वही लिहिणारी एक मुलगी टोळीबरोबर, एवढं झालं तरी गट मोडणार नाहीत. सुनंदाताई, तुमच्या गटाच्या वहीचा नमुना मिळेल का? रकाने कसे आखता ते बघायचं आहे.

---

सुनंदा_माण

फोटो काढून टाकते. नावाच्या पुढे आधी शिल्लक, मग आजची बचत, मग कर्जाचा हप्ता, व्याज वेगळं. सहीच्या रकान्यात ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा घेऊ नका, नाव गिरवायला लावा.